शिराडी घाटाला जागा हवी

हासनच्या डेपोतून जवरेगौडा निवृत्त झाले, पण बस काही त्यांच्या अंगातून उतरेना. पहिले काही महिने ते ओसरीवर खुर्ची टाकून बसत आणि रस्त्यावरून जाणाऱ्या प्रत्येक गाडीचा नुसत्या आवाजावरून आजार सांगत. "हिचा क्लच गेलाय." "हा पोरगा उगाच दुसऱ्या गिअरवर ओढतोय, इंजिन रडतंय बघ."

साकम्मा, त्यांची बायको, आतून म्हणे, "त्या इंजिनाचं रडू ऐकू येतं. मी मघापासून नारळ फोडून मागतेय, ते नाही येत."

त्यांचा मुलगा अभिलाष चेन्नईला नोकरीला. युगादीला तो घरी आला तेव्हा आपला जुना लॅपटॉप इथेच ठेवून गेला. साधासुधा नव्हे, खेळांसाठी केलेला. पाट्यासारखा जड, कळांच्या खालून तांबडे-निळे दिवे, आणि आतला पंखा सुरू झाला की घाट चढणाऱ्या गाडीसारखी घरघर. त्या घरघरीनेच जवरेगौडांचं मन वळलं असावं. अभिलाषने त्यात बस चालवायचा एक खेळ घालून दिला. मुलगी हेमावतीने लग्नानंतरच्या पहिल्या पगारातून बापाला खेळाचं स्टिअरिंग आणि पायाखालचे ब्रेक-क्लच पाठवले. स्टिअरिंग कुठे तरी घट्ट बसवायला हवं होतं, ते साकम्माच्या शिवणयंत्राच्या टेबलावर बसलं. त्या दिवसापासून साकम्माचे ब्लाउज शेजारच्या गल्लीत शिवायला जाऊ लागले.

जवरेगौडा खेळत नसत, ड्युटीवर जात. सकाळी आंघोळ करून, कपाळाला विभूती लावून बसायचे. सुरू करण्याआधी पडद्यावरच्या बसला चारी बाजूंनी फेरी मारून चाकं बघायचे. त्या खेळात चाकातली हवा कधीच जात नाही, हे अभिलाषने दोनदा सांगितलं होतं. "कधीच जात नाही असं चाक नसतं," म्हणून ते बघायचे. वळणावर कुणाला ओलांडत नसत, लाल दिव्याला थांबत, आणि मागून कुणी हॉर्न मारला तर स्वतःशीच म्हणत, "घाई असेल तर काल निघायचं होतं."

दुपारी दस्तगीर येई. दस्तगीर म्हणजे त्यांचा कंडक्टर. अर्धी नोकरी दोघांनी एकाच गाडीत काढलेली. त्याला हा खेळ पहिल्या दिवशी बिलकूल पटला नाही.

"गौडा, ह्या गाडीत कंडक्टर कुठाय?"

"नसतो. तिकीट यंत्र देतं."

"आणि सुट्टे पैसे?"

"तेही यंत्रच."

"मग भांडायचं कुणाशी?" दस्तगीर खरोखर चिंतेत पडला. दुसऱ्या दिवशी तो घरून आपली जुनी शिट्टी घेऊन आला आणि जवरेगौडांच्या डाव्या हाताला स्टूल टाकून बसला. तेव्हापासून त्या घरातून दुपारभर शिट्ट्या आणि "होल्डान, होल्डान, राइट, राइट" ऐकू येई. टपाल टाकणारा नवा होता, तो सुरुवातीला दारातच थबकायचा.

सगळं सुरळीत चाललं होतं. परदेशी शहरांतून, सरळसोट रस्त्यांवरून, कुठेही न थुंकणाऱ्या प्रवाशांना घेऊन जवरेगौडांची गाडी चालली होती. मग एक दिवस अभिलाषचा फोन आला. "अप्पा, पुत्तूरच्या काही मुलांनी आपला शिराडी घाट बनवलाय. हासन ते मंगळूर, अख्खा रस्ता. फुकट आहे, उतरवून घ्या."

जवरेगौडा खुर्चीतून उठले. मग म्हणाले, "दोणीगालचं वळण आहे का त्यात?"

"सगळं आहे. पाऊससुद्धा आहे."

त्यांनी उतरवायला घेतला. लॅपटॉपने थोडा वेळ विचार केला आणि पाटी दाखवली की जागा अपुरी आहे.

जागा कुणी खाल्ली हे शोधायला फार वेळ लागला नाही. हेमावतीच्या लग्नाने. फोटोवाल्याने शेवटी गाणी घालून केलेली सुबक फिल्म तर दिली होतीच, पण साकम्माने त्याच्या मागे लागून सगळं कच्चं चित्रीकरणही मागून घेतलं होतं. तीन दिवसांचं लग्न, चार कॅमेरे. मुहूर्ताचं होतं, जेवणावळीचं होतं, मांडवात रिकाम्या खुर्च्यांचंही होतं, कारण एक कॅमेरा कुणी तरी चालू ठेवून जेवायला गेला होता. साकम्मा हे लग्न दर शुक्रवारी थोडं थोडं बघे. कोण आलं, कोण मुहूर्त टळल्यावर आलं, कुणी दिलेली साडी कुणाच्या अंगावर पुन्हा दिसली, हे सगळं तिला पाठ होतं.

"अगं, ती खुर्च्यांची फिल्म तेवढी पुसू का?" जवरेगौडांनी विचारलं.

"खुर्च्यांच्या मागे आचाऱ्यांचा तंबू दिसतो. नको."

"तंबू बघून काय करायचंय?"

"घाट बघून काय करायचंय?"

त्या रात्रीच्या भाताला मीठ जास्त होतं.

अभिलाषने फोनवर तोडगा सांगितला. लॅपटॉपच्या पोटात आणखी एका डिस्कला जागा रिकामी आहे. दुसरी डिस्क घेऊन बसवायची, कुणाचंच काही पुसायला नको.

"म्हणजे ह्या गाडीला दुसरी टाकी आहे?" जवरेगौडा म्हणाले. "आणि हे तू आज सांगतोयस?"

पण दुसरी डिस्क म्हणजे कुठली, ह्यावर जो भेटेल तो वेगळं सांगू लागला. डेपोतला हिशेबनीस म्हणाला, फिरणारी घ्या, मोठी येते आणि स्वस्त. समोरच्या औषधाच्या दुकानातला म्हणाला, फिरणारीचे दिवस गेले, आता न फिरणारी घेतात. दस्तगीरच्या जावयाने सांगितलं की आत बसवायच्या भानगडीतच पडू नका, बाहेरून वायरने जोडायची घ्या. जवरेगौडांचा कल फिरणारीकडे होता. जी वस्तू फिरत नाही ती काम कशी करते, हे त्यांच्या डोक्यात शिरत नव्हतं.

शेवटी दोघांनी ठरवलं की बंगळूरला जायचं. एस. पी. रोडवर ह्याच मालाची दुकानं आहेत, डोळ्यांनी बघू, हातात घेऊ आणि ठरवू. साकम्माने पहाटे उठून लॅपटॉपची काळी पिशवी भरून दाराशी ठेवली. "जड आहे, सांभाळून," एवढंच म्हणाली. जवरेगौडांना बरं वाटलं. राग गेला म्हणायचा.

बसमध्ये ते ड्रायव्हरच्या मागच्याच सीटवर बसले, आणि ते दस्तगीरला नको होतं. चन्नरायपट्टण येईपर्यंत जवरेगौडांनी धीर धरला. मग हळूच म्हणाले, "ब्रेक फार वापरतो."

"त्याची गाडी, त्याचा ब्रेक."

"लायनर जातील."

"गौडा, तुम्ही खिडकीबाहेर नारळ बघा."

कुणिगलच्या थांब्यावर ताटलीएवढी इडली खाताना तो ड्रायव्हर स्वतःच शेजारी येऊन उभा राहिला. "कुठल्या डेपोचे तुम्ही?" त्याने विचारलं. "आरशात बघतोय मघापासून. मी ब्रेकवर पाय ठेवला की तुमचं तोंड वाकडं होतं." तिथून नेलमंगलापर्यंत तो इतका जपून चालवत गेला की गाडीला उशीर झाला आणि मागच्या प्रवाशांनी दोघांकडे रागाने बघितलं.

एस. पी. रोडवर पाऊल ठेवायला जागा नव्हती. वायरींच्या वेटोळ्यांतून, पंखे आणि पडद्यांच्या खोक्यांतून वाट काढत, "काय पाहिजे अंकल, कॅमेरा पाहिजे, प्रिंटर पाहिजे" ऐकत ते एका लहानशा दुकानात शिरले. तिथे कुणी हाक मारली नाही, म्हणून. गल्ल्यापाशी तिशी ओलांडलेली एक बाई एका लॅपटॉपचं पोट उघडून बसली होती. तिचं नाव पूर्णिमा, दुकान तिचंच. बाकावर आणखी तीनचार गिऱ्हाइकं आपापल्या आजारी यंत्रांसकट बसलेली.

"दुसरी डिस्क हवी," जवरेगौडा म्हणाले. "खेळाच्या लॅपटॉपला."

"नातवासाठी?"

"माझ्यासाठी."

पूर्णिमाने स्क्रू-ड्रायव्हर खाली ठेवला आणि तीन वस्तू काचेवर मांडल्या. पहिली वायरवाली डबी. ती जवरेगौडांनी हातही न लावता बाजूला सारली. "हे टपावरचं सामान झालं. वळणावर घसरतं."

दुसरी फिरणारी. पत्त्यांच्या कॅटएवढी, हाताला वजनदार. ती त्यांनी कानाशी नेऊन हलवली. "मिनिटाला किती फेरे?"

"हिचे पाच हजार चारशे."

जवरेगौडांनी भुवया उंचावून दस्तगीरकडे बघितलं. बसच्या इंजिनाला इतके फेरे त्यांनी जन्मात दिले नव्हते. "ही बरी आहे अम्मा. फिरणाऱ्या वस्तूचं एक असतं, बिघडायला लागली की आवाजावरून कळतं."

"कळतं खरं, अप्पाजी. पण आवाज येईपर्यंत आतलं निम्मं गेलेलं असतं. आणि खेळाला ही हळू पडते. पुढचा रस्ता वाचायला तिला वेळ लागतो. तुम्ही वळणावर पोचता आणि वळण अजून आलेलं नसतं."

"धुक्यात असंच असतं," जवरेगौडा म्हणाले. "आम्ही थांबायचो."

तिसरी वस्तू हिरवट पट्टी होती. अंगठ्याएवढी रुंद, बोटाएवढी लांब, तव्यावरच्या पापडासारखी पातळ. दस्तगीरने ती दोन बोटांत धरली. "तिकिटाएवढी आहे," तो म्हणाला. "ह्यात शिराडी घाट मावणार?"

"दहा घाट मावतील. तुमचा लॅपटॉप दाखवा, आत कशाला जागा आहे ते बघते."

जवरेगौडांनी काळी पिशवी काचेवर ठेवली आणि साखळी ओढली. आतून आधी केळीचं पान निघालं. पानात तांदळाच्या भाकऱ्या, खाली अवरेकाळूच्या, म्हणजे पावट्याच्या, उसळीचा डबा, दह्याची बरणी, दोन ताटल्या, पाण्याची तांब्याची बाटली, आणि वजन भरायला म्हणून की काय, तळाशी एक अख्खा नारळ. लॅपटॉप नव्हता.

बाकावरचं एक गिऱ्हाईक फसकन हसलं. पूर्णिमाने ओठ मिटून घेतले.

जवरेगौडांनी घरी फोन लावला. त्यांच्या फोनचा कानाशी ऐकायचा भाग बिघडल्यापासून त्यातलं सगळं बोलणं चारचौघांना ऐकू जाई.

"पोचलात का?" साकम्मा म्हणाली.

"लॅपटॉप कुठाय?"

"इथेच आहे. माझ्यापुढे. आज शुक्रवार ना."

"अगं, तो दाखवायलाच तर आम्ही इतक्या लांब आलो."

"म्हणूनच काढून ठेवला. तिथे कुणी तरी उघडणार, काही तरी पुसणार, आणि तुम्ही मान हलवणार. भाकऱ्या कडक व्हायच्या आत खा. दस्तगीरभाऊंना दही जास्त द्या."

दस्तगीर फोनकडे वाकून म्हणाला, "देव तुमचं भलं करो, अक्का."

पूर्णिमाने फोन आपल्याकडे ओढला. "अम्मा, मी दुकानातून बोलतेय. कुणी काही पुसणार नाही. तेवढा लॅपटॉप पालथा करून खालच्या कागदावर नाव-नंबर काय लिहिलाय तो वाचाल का?"

साकम्मा कन्नड सातवी होती. इंग्रजी अक्षरांशी तिची तोंडओळखही नव्हती. पण तिने वाचलं. "पहिली शिडी आहे, एकाच पायरीची."

"एच्," पूर्णिमाने लिहून घेतलं.

"मग फुटकी बांगडी. मग काठी. मग दोन लाडू एकावर एक."

"आठ."

"मग बाई बसलीय, पोट पुढे काढून."

इथे दुकान अडलं. पी, बी, आणि आर अशी तीन मतं पडली. बाकावरच्या फसकन हसणाऱ्या गिऱ्हाइकानेही मत दिलं. शेवटी पूर्णिमाने विचारलं, "तिला पाय आहे का, पुढे टाकलेला?"

"आहे. एकच."

"आर."

नंबर पुरा झाला. पूर्णिमाने तो आपल्या यंत्रावर शोधून बघितला. ह्या लॅपटॉपचे दोन प्रकार होते. एकात बॅटरी लहान, त्यात फिरणारीला जागा असते. दुसऱ्यात बॅटरी मोठी, तीच सगळी जागा खाते. कुठला ते उघडल्याशिवाय कळणार नाही. पट्टीची खाच मात्र दोन्ही प्रकारांत एक जादा ठेवलेली.

"म्हणजे नक्की अशी सीट एकच आहे," जवरेगौडा म्हणाले. त्यांनी फिरणारी डिस्क उचलून पुन्हा एकदा कानाशी धरली आणि खाली ठेवली. "तिकीटच द्या."

"केवढं देऊ? काय काय ठेवायचंय त्यात?"

"घाट."

"लग्न," फोन म्हणाला.

सगळे फोनकडे बघू लागले. साकम्माने तो ठेवलाच नव्हता.

"अगं, लग्न जुन्या डिस्कवर आहे ना. ते तिथेच राहील."

"अम्मा, दोन्हींत चांगली कुठली?" साकम्माने पूर्णिमाला विचारलं.

पूर्णिमा खोटं बोलली नाही. "नवी. जलद आहे, मोठी आहे, जास्त टिकेल."

"मग लग्न नवीत."

"साकू, लग्न झालंय. हेमा नांदतेय. ते लग्न कुठे पळून जात नाही," जवरेगौडा म्हणाले. "एवढी खुर्च्यांची फिल्म जलद काढून कुठे जायचंय तुला?"

मग साकम्मा म्हणाली, "त्या खुर्च्यांच्या मागे तंबूपाशी माझी बहीण पुट्टक्का बसलीय. लसूण सोलत. फोटोवाल्याने ती सगळीच्या सगळी कापली, कारण ती मांडवात आलीच नाही. बाईसाहेबांनी दिवसभर आचाऱ्यांवर लक्ष ठेवलं. त्यानंतर काही महिन्यांनी ती वारली. माझ्याकडे तिचं दुसरं काही नाही, ती फोटोला उभीच राहायची नाही. तिथे एकदा ती आचाऱ्याला ओरडते, मीठ किती घालतोस म्हणून, तेवढा आवाज येतो."

जवरेगौडा काचेवरच्या नारळाकडे बघत राहिले. इतक्या शुक्रवारी ते त्या लग्नासमोरून ये-जा करत होते, आणि त्यांना वाटायचं की ती साड्या मोजते.

दस्तगीरला शांतता सोसत नसे. "अक्का, मीही एक सांगतो," तो म्हणाला. "हे सांगणार नाहीत. ह्यांच्या शेवटच्या ड्युटीला आम्ही गाडी धुऊन, हार घालून ठेवली होती. मंगळूरची फेरी. आणि आदल्या रात्री दोणीगालला दरड आली, घाट बंद. साहेबांनी ह्यांना अरसीकेरेची फेरी दिली. सपाट रस्ता. गाडीत माणसं थोडी, त्यात एक जण बकरी घेऊन बसलेला. हार त्या बकरीने खाल्ला. जन्मभर ज्या घाटात गेले, त्याला शेवटचा राम-राम करायचा राहिला. आणि नंतर प्रवासी म्हणून जायला हे तयार नाहीत. दुसऱ्याच्या हाताखाली घाट उतरायचा नाही म्हणतात."

"बकरीचं मला सांगितलं नव्हतं," साकम्मा म्हणाली.

"त्यात काय सांगायचं," जवरेगौडा म्हणाले.

पूर्णिमाने तोवर पट्टीचा सगळ्यात मोठा नग काढला होता. "भिंत घालू," ती म्हणाली. "डिस्क एकच, पण मधे भिंत घालून दोन घरं करता येतात. आमच्याकडे दोघा भावांच्या घराला घालतात ना, तशी. एका दारातून अम्मांचं लग्न, दुसऱ्या दारातून तुमचा घाट. ह्याचं सामान त्याच्यात जात नाही."

"वाटणी," जवरेगौडा म्हणाले. हे त्यांना लगेच समजलं. वडिलांच्या माघारी नारळाच्या बागेची वाटणी त्यांनी बघितली होती आणि त्यात एक विहीर गमावली होती.

"निम्मं निम्मं?" पूर्णिमाने विचारलं.

"निम्मं का म्हणून?" साकम्मा म्हणाली. "त्यांचा घाट आहे तेवढाच राहणार. माझ्याकडे पुढे बारशी येतील, जावळं येतील. मला मोठं घर."

जवरेगौडांनी घासाघीस करायला तोंड उघडलं होतं, पण का कोण जाणे, मिटलं. "दे तिला मोठं," ते पूर्णिमाला म्हणाले. किमतीची घासाघीस दस्तगीरने केली. सुट्ट्या पैशांवरून त्याने इतका वेळ हुज्जत घातली की त्याचा चेहरा उजळून निघाला. पूर्णिमाने दुसऱ्या लॅपटॉपवर पट्टी कशी बसवायची ते दाखवलं: तिरकी घालायची, दाबायची, स्क्रू आवळायचा. मग तिच्याच बाकावर पान पसरून सगळ्यांनी भाकऱ्या खाल्ल्या. फसकन हसणाऱ्या गिऱ्हाइकालाही एक मिळाली.

दुसऱ्या दिवशी दुपारी हासनच्या घरात लॅपटॉप जेवणाच्या टेबलावर पालथा पडला. अभिलाष फोनच्या पडद्यावरून बघत होता आणि मधून मधून डोळे झाकून घेत होता. जवरेगौडांनी बाह्या वर केल्या. दस्तगीरने उजेडाला टॉर्च धरला. साकम्मा हाताची घडी घालून मागे उभी होती, नर्सिंग होममध्ये रोग्याची बायको उभी राहते तशी. स्क्रू एकेक काढून पोह्यांच्या वाटीत ठेवले. झाकण निघालं. बॅटरी मोठीच निघाली, पोटभर पसरलेली. फिरणारी आणली असती तर परत पाठवावी लागली असती. पट्टी तिरकी घातली, दाबली, आवळली. झाकण लावलं.

"अप्पा, वाटीत एक स्क्रू राहिलाय," अभिलाष म्हणाला.

तिघांनी वाटीत बघितलं. राहिला होता.

"इंजिन खोललं की एखादा राहतोच," जवरेगौडा म्हणाले. "तो मुळातच जास्त असतो."

लॅपटॉप सुरू झाला. अभिलाषने फोनवरून एकेक पायरी सांगत भिंत घालायला लावली. साकम्माने आधी आपल्या सामानाची नक्कल नव्या घरात करून घेतली, जुनंही पुसू दिलं नाही, खुर्च्यांची फिल्म उघडून तंबूपाशी पुट्टक्का आहे ना ते बघितलं, तिचं ओरडणं ऐकलं, आणि मगच घाट उतरवायची परवानगी मिळाली.

जवरेगौडांनी त्या दिवशी खाकी शर्ट घातला. दस्तगीरने शिट्टी वाजवली. हासन मागे पडलं, आलूर मागे पडलं, सकलेशपूरला पुलाखालून हेमावती नदी गेली, आणि दोणीगालच्या पुढे पोरांनी केलेला पाऊस लागला. गिअर उतरवत, हॉर्न देत, ट्रकांना वाट करून देत जवरेगौडा खाली खाली जात राहिले. दस्तगीरने "होल्डान" म्हणायचं सोडून दिलं होतं. घाटाच्या पायथ्याशी, गुंड्याला, त्यांनी गाडी बाजूला घेतली, बंद केली, आणि स्टिअरिंगवरचे हात मांडीवर ठेवले. चष्म्याच्या काचा शर्टाने बराच वेळ पुसल्या.

"झालो आता रिटायर," ते म्हणाले.

"म्हणजे उद्यापासून गाडी बंद?" साकम्माने विचारलं. तिची नजर शिवणयंत्राकडे गेली होती.

"उद्या सकाळची ड्युटी आहे."

पुढचे काही महिने घाटाला खंड पडला नाही. मग पुत्तूरच्या पोरांनी रस्ता वाढवला. मंगळूरच्या पुढे उडुपी, कुंदापूर, थेट भटकळपर्यंत समुद्राकाठून. जवरेगौडांनी उतरवायला घेतला आणि पुन्हा तीच पाटी आली. घाटाचं घर भरलं होतं. भिंतीपलीकडे साकम्माचं घर मात्र निम्मं मोकळं होतं.

त्यांनी दोन दिवस काढले. तिसऱ्या दिवशी न सांगता नारळ फोडला, खोवला, आणि तिच्यापुढे ठेवला.

"काय हवंय?" साकम्मा म्हणाली.

"भिंत थोडी तिकडे सरकवली तर. तुझ्याकडे पडीक आहे."

"पडीक नाही. हेमाला दिवस गेलेत."

ही बातमी त्यांना अशी कळली. ते खाली बसले, मग उठले, हेमाला फोन केला, दस्तगीरला फोन केला, चुकून डेपोतही केला. हे सगळं उरकल्यावर परत येऊन म्हणाले, "बारशाला किती लागेल? लहानच तर असतं मूल."

साकम्मा हसली. "देते. पण सकलेशपूरपासून खाली गाडी मी नेणार. जन्मभर बसून वाट बघितली, रात्री दरडीच्या बातम्या ऐकल्या. एकदा मला बघायचंय त्या वळणांत असं काय आहे."

जवरेगौडांनी दस्तगीरकडे बघितलं. दस्तगीरने छताकडे बघितलं.

साकम्माने पदर खोचला आणि शिवणयंत्रापुढे बसली. पायाखालच्या पट्ट्या तिला नव्या नव्हत्या, जन्मभर यंत्र पायांनीच चालवलं होतं. ती यंत्र चालवते तशीच गाडी चालवू लागली, म्हणजे न थांबता. दोणीगालच्या आधीच एका टँकरला ओलांडलं, वळणावर.

"साकू, ब्रेक."

"आहे की."

"दाब."

"मग तो टँकर पुढे जाईल."

मारनहळ्ळीला थांबा होता. प्रवासी हात करत होते. गाडी त्यांच्यासमोरून निघून गेली. दस्तगीर शिट्टी तोंडात धरून बसला होता, फुंकायची त्याला शुद्ध नव्हती. जवरेगौडांनी एका हाताने टेबलाची कड धरली होती, दुसऱ्या हाताने दस्तगीरचा खांदा, आणि उजवा पाय फरशीत रुतवत होते.

"अहो, छान आहे की," साकम्मा म्हणाली. "ते बघा, नदी. केवढी खोल आहे. तुम्ही सांगितलं नाहीत कधी."

"नदीकडे नको बघू. रस्त्याकडे बघ."

तिने रस्त्याकडे बघितलं, तोवर रस्ता डावीकडे वळला होता आणि गाडी सरळ गेली होती. झाडं, पाऊस, आभाळ, पुन्हा झाडं असं एकामागून एक पडद्यावर येऊन गेलं, आणि बस ओढ्यात चारी चाकं वर करून थांबली. चाकं अजून फिरत होती.

जवरेगौडांच्या सगळ्या नोकरीत एकाही गाडीला साधा ओरखडा नव्हता.

"प्रवासी?" दस्तगीरने हळूच विचारलं.

"अभिलाषच म्हणाला होता ना, ह्या गाडीत कुणाला काही होत नाही," साकम्मा म्हणाली. तिने बांगड्या मागे सारल्या आणि जवरेगौडांकडे वळली. "पुन्हा वरून सुरू करायची कळ कुठली?"

जवरेगौडांनी ती दाखवली. मग स्वतःचं स्टूल उचलून तिच्या उजव्या हाताला ठेवलं, बसले, आणि म्हणाले, "आधी खाली उतरून चाकं बघ."